देवाला गाडी गावातून, मौजेला का नाही?



पुरुषाला घराबाहेर पडायला चपला लागतात, बाईला कारण लागतं. आमच्या बेंबळीत, आणि तुमच्याही गावात, ही कारणं ठरलेली आहेत. दवाखाना चालतो. बाजार चालतो. माहेरचं लग्न चालतं, मयत तर चालतेच. देव चालतो. गेल्या तीसेक वर्षांत बायकांनी भांडून, रुसून, प्रसंगी मार खाऊन या यादीत आणखी दोन-तीन कारणं घालून घेतली: बचत गटाची बैठक, बँक, प्रशिक्षण. पण 'मला मजा करायला जायचंय' हे कारण अजून कुठल्याही घराच्या यादीत नाही. ते तोंडातून काढायचीही बाईला लाज वाटते. ती म्हणते, "लेकरांचं मन आहे हो, म्हणून."

हा लेख दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. एक, मोठमोठे पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेलं करमणुकीचं पार्क. दुसरी, तिथं जायची गाडी. आपल्या अंकात हुंडा, मारहाण, मजुरी, जमीन असे विषय येतात. त्यात हा विषय कशाला, असं काही जणींना वाटेल. तसं वाटतं म्हणूनच तो मांडायला हवा. आमचं म्हणणं थोडक्यात असं: बाई कोणत्या गाडीनं जाते यावर तिची मौज तिची राहते की नाही हे ठरतं. आणि ती गाडी सार्वजनिक, वेळापत्रकातली, जिचं तिकीट बाई स्वतःच्या हातानं काढू शकते अशीच असली पाहिजे. म्हणजे आपल्याकडे एसटी.

गाडी कोण ठरवतं?

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांसारखी इथलीही माणसं पोटासाठी पुण्याकडे सरकली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, बांधकामांवर, सोसायट्यांच्या दारावर, घरकामात धाराशिव-लातूरकडची माणसं भेटतात. त्यामुळे बेंबळीच्या बाईला पुण्यात बहीण असते, भाऊ असतो, लेक दिलेली असते. दिवाळीत नाहीतर मे महिन्यात ती लेकरं घेऊन तिकडं जाते, आणि दोन दिवसांत विषय निघतो: खोपोलीच्या पार्कला जाऊ. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, पुढच्याच वर्षी शेजारी पाण्याचं पार्क आलं. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुण्याहून ऐंशी-नव्वद किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं.

मग प्रश्न येतो, जायचं कशानं? हा प्रश्न घरातली पुरुष मंडळी चर्चेला घेतात. बायका तेव्हा स्वयंपाकघरात डब्याचं बघत असतात.

पहिला मार्ग मोटारीचा, घरची असो की भाड्याची. द्रुतगती महामार्गानं झपाट्यानं पोचता येतं. पण मोटारीत जागा मोजून असतात, आणि मोजणी कुठून सुरू होते ते बघा. चालवणारा पुरुष. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ किंवा मेव्हणा. मग लेकरं. उरलेल्या जागेत बायका, मांडीवर एकेक पोर घेऊन. जागा संपल्या की गाळणी लागते. सासू म्हातारी आहे, तिला काय करायचंय पाळण्यात बसून? विधवा नणंद घर सांभाळेल. गावाकडून आलेली बहीण पुढच्या वेळी येईल. मोटारीतून गळते ती नेहमी बाईच. निघायची वेळ तो ठरवतो. चहाला कुठं थांबायचं ते तो ठरवतो. चार वाजले की "चला, घाटात गर्दी लागेल" हेही तोच म्हणतो. त्याला लघवीला लागली तर तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो. बाई सकाळपासून पाणी पीत नाही. उन्हाळ्यात, पाण्याच्या पार्कला जाताना, ती तहानलेली असते.

दुसरा मार्ग टूरवाल्याच्या खासगी बसचा. जाणं-येणं, प्रवेश, जेवण सगळं एका रकमेत. यात निदान प्रत्येकीला स्वतःची खुर्ची मिळते. पण सगळी रक्कम एकदम भरावी लागते, आणि ती भरणारा पुन्हा घरातला कर्ता. एसटीतलं अर्धं तिकीट इथं लागू नाही. शिवाय बसचा मालक कोण, चालक किती तास जागा आहे, हे विचारायचं कुणाला? १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं जळून गेली. एसटीला अपघात होत नाहीत असं आम्ही म्हणत नाही. पण एसटीच्या अपघाताचा जाब विचारायला आगार आहे, विभाग नियंत्रक आहे, विधानसभा आहे. खासगी गाडीचा जाब विचारायला फक्त एक मोबाईल नंबर असतो, आणि तो बंद असतो.

तिसरा मार्ग मोटारसायकलचा. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून जुन्या रस्त्यानं बोरघाट उतरायचा. नवरा, बायको, मध्ये एक पोर. बाकीची लेकरं घरी रडत.

चौथा मार्ग सार्वजनिक. पिंपरी-चिंचवडहून लोकलनं लोणावळा, तिथून एसटीनं घाट उतरून खोपोली, तिथून रिक्षा. मुंबईत बहीण असेल तर कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत लोकल आहे, बायकांच्या डब्यात बसून जाता येतं. हा मार्ग सगळ्यात स्वस्त. आणि हा एकच मार्ग असा की चार बायकांनी ठरवलं तर कुणाला न विचारता त्या उठून जाऊ शकतात. पण तोच सगळ्यात अवघड करून ठेवलाय. खोपोलीच्या लोकल दिवसातून मोजक्या. तीन ठिकाणी चढउतार. शेवटचे काही किलोमीटर रिक्षावाला मागेल ते भाडं. संध्याकाळी पार्क सुटल्यावर अंधारात परत कसं यायचं याची धाकधूक दिवसभर डोक्यात. पाळण्यात बसलेली बाई घड्याळ बघत असते.

बाईच्या हातातला मार्ग अवघड आणि पुरुषाच्या हातातला सोपा, याला आम्ही योगायोग म्हणत नाही.

मोटारवाल्यासाठी बांधलेली मौज

पूर्वी असं नव्हतं. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा तिथं जायची मुख्य वाट होती लोकल आणि लाँच. बोरिवलीला किंवा मालाडला उतरायचं, बसनं धक्क्यावर जायचं, खाडी ओलांडायची. मोटार असून उपयोग थोडाच, कारण मध्ये पाणी. चाळीतल्या बायका, शाळेच्या पोरी, कारखान्यातल्या कामगारांची कुटुंबं एकाच लाँचमध्ये शेजारी बसून जात. प्रवेशाचं तिकीट तेव्हाही परवडणारं नव्हतं, पण वाट तरी सगळ्यांची होती.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. त्याच्यावर दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, पायी चालणारा माणूस नाही. हा रस्ता सार्वजनिक महामंडळानं बांधला, पण चारचाकीवाल्यासाठी. त्यानंतरची करमणुकीची ठिकाणं त्याच्या आधारानं उभी राहिली. आखणी करताना आधी पार्किंगचं मैदान मोजलं जातं. बसथांबा कुठं, शेवटची बस किती वाजता, हे विचारायला तिथं कुणी बाई नसते. आणि याचा फटका फक्त फिरायला जाणारीला बसतो असंही नाही. अशा ठिकाणी झाडलोट करणारी, भांडी घासणारी, तिकीटखिडकीत बसणारी बाई रात्री घरी कशी जाते? तिलाही तीच बस हवी, जी नाही.

देवाच्या नावावर मात्र सगळं मिळतं

आता गंमत बघा. ज्या रस्त्यावर हे पार्क आहे त्याच रस्त्यानं पुढं गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक. दोन्ही अष्टविनायकातले. अष्टविनायक दर्शनाला एसटीच्या खास गाड्या निघतात. म्हणजे खोपोलीचा घाट, पालीचा रस्ता, चालक-वाहक, सगळं एसटीला ठाऊक आहे. पार्कच्या कमानीवरून ती जाते, थांबायला तेवढी तयार नाही.

दुसरं उदाहरण घरचं. आषाढीला एखाद्या गावातले चाळीस किंवा अधिक प्रवासी जमले तर एसटी थेट त्या गावातून पंढरपूरला गाडी सोडते. त्यात बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. उत्तम योजना आहे. चाळीस बायांनी नावं द्यायची आणि गाडी दारात. आमचा प्रश्न एवढाच: हीच चाळीस नावं मौजेसाठी दिली तर गाडी का नाही? बेंबळीहून थेट पुणे आणि खोपोली, किंवा नळदुर्गचा किल्ला, किंवा सोलापूरला सिनेमा, हवं तिथं?

कुणी असं समजू नये की आम्ही वारीच्या किंवा जत्रेच्या विरोधात आहोत. उलट जत्रा ही बायकांनी शोधलेली पळवाट आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा, तुळजापूरचं नवरात्र, इथं बाई नवस फेडायला जाते आणि फेडून झाल्यावर पाळण्यात बसते, बांगड्या भरते, भेळ खाते, दिवसभर कुणाच्या ताटाची काळजी न करता हिंडते. ही मौज खरी आहे. पण ती देवाच्या आडून करावी लागते. पदराखाली लपवून आणलेल्या खाऊसारखी.

आमच्या भागात आणखी एक पळवाट निघाली ती भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली. पुनर्वसनाच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या बायका गटानं पुढं आल्या, आणि २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या कितीतरी जणी कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. ज्या बाईनं तालुका पाहिला नव्हता ती रेल्वेनं गुजरातेत जाऊन आली. त्या प्रवासानं गावातली हवा बदलली. पण त्याचं नाव काय होतं? अभ्यास दौरा. कामाचं नाव दिलं म्हणून परवानगी मिळाली. बाई शिकायला जाते, सेवेला जाते, दर्शनाला जाते. ती नुसती जात नाही. आजही संस्था बायकांना कुठं नेतात तेव्हा कागदावर 'प्रशिक्षण' लिहावं लागतं. त्या दौऱ्यात समुद्र लागला तर बायका चप्पल काढून धावत सुटतात. मग अहवालात त्या धावण्याचा उल्लेख का नसतो?

अर्धं तिकीट, पूर्ण हक्क कधी?

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. या एका निर्णयानं काय झालं ते कुठल्याही स्टँडवर उभं राहून बघावं. धाराशिवच्या बाजारात, तुळजापुरात, लेकीच्या घरी जाणाऱ्या बायका वाढल्या. आधी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून जाणाऱ्या बाया एसटीची वाट बघू लागल्या. याच्याही आधी पाचवी ते बारावीच्या मुलींना गावापासून शाळेपर्यंत फुकट पास मिळू लागला आणि खेड्यातल्या किती पोरी दहावी-बारावीपर्यंत पोचल्या. एसटी थांबली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या. पण त्या काळात शाळा सुटली ती आधी पोरींची. भावाला मोटारसायकल होती.

म्हणजे एसटी ही बाईची मोटार आहे. तिच्या नावावरची, तिच्या हातातली. मग या मोटारीची धाव शाळा, बाजार आणि देवळापाशीच का संपावी? पास मिळतो शाळेपुरता. अर्धं तिकीट मिळतं ते जिथं गाडी जाते तिथलंच. जिथं गाडीच जात नाही तिथलं अर्धं तिकीट म्हणजे शून्याचा अर्धा भाग. त्यात जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा आमचं अर्धंही तेवढंच वाढलं.

उमरग्याच्या पलीकडं कर्नाटकची हद्द लागते. तिथल्या सरकारनं ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू केली, राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी गाड्यांतून फुकट प्रवास. लगेच ओरड झाली: बायका उगाच हिंडायला लागल्या, देवळांत गर्दी झाली, पुरुषांना बसायला जागा नाही. आपल्याकडंही अर्ध्या तिकिटावर हेच टोमणे ऐकू येतात. "कामं ना धामं, निघाल्या!" वर्षानुवर्षं पारावर, पानटपरीवर, स्टँडवर पुरुष कामधाम नसताना बसलेले असतात. त्यांना कुणी 'उगाच' म्हणत नाही. मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कामाचा दाखला न देता, उगाच, मजेखातर शहरात हिंडता येणं हा बाईच्या नागरिकपणाचा भाग आहे. हे मुंबईपुरतं खरं नाही. बेंबळीच्या बाईला तर त्याहून जास्त लागू आहे, कारण तिला 'उगाच' हा शब्द रोज ऐकावा लागतो.

"पण काही झालं तर?"

प्रत्येक घरात शेवटचा पत्ता हाच टाकला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट आगारात पहाटे गावी निघालेल्या तरुणीवर उभ्या शिवशाही बसमध्ये बलात्कार झाला. त्यानंतर गावोगाव बायकांना सांगितलं गेलं: बघितलंत? म्हणून एसटीनं एकटीनं जायचं नाही.

आम्ही उलट म्हणतो. त्या आगारात दिवे, पहारा, बंद केलेली दारं, चौकशीच्या खिडकीत जागं माणूस असायला हवं होतं. तिथं व्यवस्था कमी पडली, हा गुन्हा व्यवस्थेचा आहे, आणि त्याची शिक्षा प्रवास करणाऱ्या बाईला नको. मोटार सुरक्षित म्हणता? देशातल्या नोंदवलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो, हे सरकारची आकडेवारीच वर्षानुवर्षं सांगते. घर, शेजार, नात्यातली मोटार, यांना कुणी असुरक्षित म्हणून कुलूप लावत नाही. स्टँडवर बायका जितक्या कमी, तितकं स्टँड भीतीचं. भरलेल्या एसटीत चाळीस बायका एकत्र निघाल्या तर त्यांना कुणाची राखण लागत नाही.

आणि सुरक्षितता म्हणजे नुसता पोलीस नव्हे. स्वच्छ संडास हीसुद्धा सुरक्षितता आहे. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं रस्त्यावरच्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची मागणी करत जनहित याचिका केली, तीवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना आदेश दिले. एका मासिकानं हे केलं. तरी आजही लांबच्या प्रवासात बाई पाणी न पिताच बसते. 'काही झालं तर' म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

आपल्यातल्याच मैत्रिणींना

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, इतके ज्वलंत प्रश्न असताना हे लाड कशाला? त्यांना आम्ही विचारतो, पुरुष कामगारांच्या चळवळीनं आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःसाठी मागितले, तेव्हा ते लाड होते का? बाईचे स्वतःचे तास कुठं आहेत? शेतात मजुरी, घरात राबणं, रात्री पाय चेपणं. रजेचा दिवस नाही, म्हणून मौजेचा दिवसही नाही. मारहाणीविरुद्ध आपण बोललो, तेव्हाही 'घरचा मामला' म्हणून हसणारे होते. कुठला प्रश्न मोठा आणि कुठला छोटा हे ठरवण्याचा मक्ता आपण पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही.

काही म्हणतील, आमचा भाग दुष्काळी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा प्रदेशातल्या बायकांनी पाण्याच्या पार्कची स्वप्नं बघावीत? हा आक्षेप वजनदार आहे. पाण्याच्या पार्कला पाणी किती, कुठून आणि कुणाच्या वाट्याचं, हे विचारलंच पाहिजे. पण ते पार्कच्या मालकाला आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा. जिनं जन्मभर डोक्यावर घागर वाहिली, तिनं एकदा पाण्यात खेळावं म्हटलं की तिला दुष्काळाची आठवण करून देणारे तुम्ही कोण? पाणी वाहायचं तिनं आणि पाण्यात खेळायचं दुसऱ्यांनी, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. इमॅजिकासारख्या ठिकाणी प्रवेशच हजाराच्या पुढं. २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे तीन दिवसांहून जास्त मजुरी फाटकावरच संपते. भांडवलदाराच्या गल्ल्यात ती घालायची का? हे ठरवायचा हक्क त्या बाईचा. आम्ही कुठल्या पार्कची जाहिरात करत नाही. चाळीस बायका जमून म्हणाल्या की आम्हाला समुद्र बघायचाय, तर तो फुकट आहे. पण गाडी दोन्हीकडं लागते. आणि एवढं महाग तिकीट असताना निदान वाटेचा खर्च तिच्या आवाक्यात असावा, हे तर साधं गणित आहे.

एसटी तोट्यात आहे, हेही ऐकवलं जाईल. महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या पुढं गेला आहे, हे खरं. तो आमच्या अर्ध्या तिकिटानं झाला नाही. उरलेलं अर्धं सरकारनं एसटीला द्यायचं असतं. ते वेळेवर द्यावं. आणि भरलेल्या गाडीनं तोटा वाढत नसतो.

आमच्या मागण्या

एक. आषाढीप्रमाणे चाळीस प्रवाशांनी मागणी केली की थेट गावातून गाडी, ही योजना वर्षभर आणि कुठल्याही ठिकाणासाठी लागू करा, अर्ध्या तिकिटासह. देव, किल्ला, समुद्र, पार्क, असा भेद नको.

दोन. पुणे आणि मुंबईहून करमणुकीच्या मोठ्या ठिकाणांपर्यंत साध्या भाड्याची, रोजची, वेळापत्रकातली बस सुरू करा. परतीची शेवटची बस पार्क सुटल्यानंतरची असावी. असं नवं ठिकाण उभं करायला परवानगी देताना ही बस ही अट असावी.

तीन. शाळांच्या सहली एसटीनंच जाव्यात. त्यांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. सहलीला वर्गातल्या किती मुली गेल्या आणि किती राहिल्या याची नोंद मुख्याध्यापकांनी ठेवावी, आणि राहिलेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारावं.

चार. स्टँडवर दिवे, पहारा, पाणी आणि बायकांसाठी फुकट, आतून कडी लागणारे संडास. धाराशिवहून बेंबळीसारख्या गावांना रात्री उशिराची एक गाडी. दिवसाची मौज संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला बांधलेली नको.

पाचवी मागणी सरकारकडं नाही, घराकडं आहे. सहल ठरवताना घरातल्या सगळ्या बायका बैठकीत असतील. डबा विकत घेता येतो. ज्या गाडीत सगळ्या मावत नाहीत ती गाडी नको.

गटात बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की हे पाच प्रश्न एकमेकींना विचारा. देव, दवाखाना, लग्न, मयत सोडून तू शेवटची कधी आणि कुठं गेलीस? कशानं गेलीस आणि ती गाडी कुणी ठरवली? परत यायची वेळ कुणी ठरवली? त्या दिवशी पाणी प्यायलीस का? घरी कोण राहिली? उत्तरं वहीत लिहून ठेवा. कुणी हसेल, कुणी गप्प बसेल, एखादी रडेल. ती वही हीच आपली आकडेवारी.

मग चाळीस नावांची यादी करा. त्यात सासवा घ्या, नणंदा घ्या, एकट्या राहणाऱ्या घ्या, ज्यांना कुणी कधी विचारत नाही त्यांची नावं सगळ्यात वर लिहा. आगारप्रमुखाच्या नावानं अर्ज करा आणि पोच घ्या. तो विचारेल, कुठल्या देवाला? त्याला सांगा, देवाला आषाढीत जाऊच. अर्जात प्रवासाचं कारण लिहावं लागेल, तिथं 'प्रशिक्षण' लिहू नका, 'लेकरांसाठी' लिहू नका. स्वच्छ अक्षरात लिहा: मौज.